सोलेभात आणि दोन यमुना

“ऐकलं का वो ताई? सिस्टरची सून कादंबरी लिहून राह्यली.”

काकूंच्या सुपात तुरीच्या शेंगा होत्या आणि माझ्या हातात खराटा. डिसेंबरात अमरावतीच्या आमच्या कॅम्पातल्या गल्लीत सकाळचं ऊन नेमकं तारेच्या कुंपणापाशी येतं, त्यामुळे माणसंही तिथंच आणि बातम्याही तिथंच. मी खराटा भिंतीला टेकवला.

“कुणी सांगितलं?”

“सांगाले कायले पाह्यजे? रात्री दोन-दोन वाजेलोक लाइट चालू रायते. मले वाटलं लेकराचे दात येऊन राह्यले. सिस्टरले इचारलं तं म्हणे, नाई वो, सूनबाई लिहिते. म्या म्हटलं काय लिहिते, किराण्याचा हिशोब? तं म्हणे कादंबरी. अन् सांगतानी तोंड असं केलं का पोट्टी जशी पत्तेच खेळते.”

सिस्टर म्हणजे डाव्या हाताच्या घरातल्या आजी. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. कुणाचं लेकरू तापलं, कुणाला गळू झालं की आधी सिस्टर, मग डॉक्टर. सून अकोल्याची. अलायन्स चर्चच्या मंडळीतली. आली तेव्हा दोन बॅगा कपड्यांच्या आणि चार खोकी पुस्तकांची होती, हे काकूंना आजही खुपतं. “भांडे नाई आनले ते नाई आनले, कागदं आनले,” असं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. नंतर त्याच खोक्यातलं एकेक पुस्तक मागून नेऊन वाचू लागल्या, ती गोष्ट वेगळी.

“कायवर असंन वो कादंबरी?” काकूंनी शेंग मोडली. “त्याइच्या धर्मावर?”

उत्तर द्यायला खुद्द लेखिकाच आली. कडेवर पोरगं, हातात रिकामा डबा. सोलेभाताला सोले, म्हणजे तुरीचे दाणे, कमी पडत होते. काकूंनी डबा घेतला, पण भरला नाही. आमच्याकडे सोले मिळायचे तर आधी बातमी द्यावी लागते.

“घरावर आहे काकू,” ती म्हणाली.

“कोनाच्या घरावर? आमच्या?”

“आमच्याच. म्हणजे माझ्या पणजोबांपासून.”

आणि मग ती कुंपणाला रेलून जी सुरू झाली ती झालीच. या पोरीचा एक गुण आहे, बोलायला लागली की हातवारे करते आणि कडेवरचं पोरगंही तिच्यासोबत डुलतं. तिचे पणजोबा आणि पणजी दोघंही दुष्काळातली लेकरं. 1896-97 चा एक दुष्काळ आणि 1899-1900 चा दुसरा, या दोन तडाख्यांत वऱ्हाडात गावंच्या गावं भुकेली झाली. अमेरिकेतल्या अलायन्स मिशनची माणसं त्याआधीपासून अकोल्याला होती. त्यांनी अनाथ पोरं अकोल्याला ठेवली आणि पोरी खामगावला. पणजोबा अकोल्याचे, पणजी खामगावची. लग्न जमवलं मिशनच्या मडमेनं.

“म्हंजे दाखवा-दाखवीचा कार्यक्रम नाई, देन्या-घेन्याचं नाई,” काकूंनी हिशोब केला. “लय स्वस्तात झालं माय.”

“पणजी म्हणायची, चहा मिळाला होता फक्त. आणि तोही बिनदुधाचा.”

“हे लिवलं का?”

“पहिलं वाक्य तेच आहे.”

काकूंनी मूठभर सोले डब्यात टाकले.

त्याच अकोल्यात एक मडम होती, मिसेस फुलर, हे पोरीनं सांगितलं तेव्हा मलाही नवं होतं. हिनं इथल्या बायकांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते 1900 साली निघालं आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. म्हणजे बायकांची गाऱ्हाणी कुंपणाशी बसून ऐकायची आणि लिहून ठेवायची, हा धंदा अकोल्यात जुनाच म्हणायचा.

“पण काकू, तुम्हाला माहीत आहे का, मराठीतली पहिली कादंबरीच ख्रिस्ती माणसानं लिहिली?”

“जा वो!”

“खरंच. बाबा पदमनजी. बेळगावचे. 1857 साल.”

“तवा तं तिकडे लढाई चालू होती.”

“तिकडे लढाई आणि इकडे हा सव्वीस वर्षांचा माणूस विधवांवर कादंबरी छापतो. ‘यमुनापर्यटन’. आदल्याच वर्षी, 1856 ला, विधवांच्या लग्नाचा कायदा झाला होता. यमुना आणि तिचा नवरा गावोगाव फिरतात, आणि जाईल तिथं एक विधवा भेटते. हिचं डोकं भादरलेलं, तिला पोटाला नाही, एकीचा छळ, दुसरीची फसवणूक.”

“अन् यमुनेचं काय होते?”

“नवरा मरतो. तीच विधवा होते.”

“अवं माय!” काकूंचा हात सुपातच थांबला. “मंग?”

“मग ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते.”

“बरं झालं बाई,” काकू म्हणाल्या. धर्माबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांना लग्नाचीच काळजी लागली होती.

पोरीला विचारलं, कादंबरी कशी वाटली? तर ती हसली. म्हणाली, ताई, यमुना बिचारी बोलायला तोंड उघडते आणि व्याख्यान सुरू होतं. मी तिची बाजू घेणार होते, पण तिचं खरंच आहे. बाबा पदमनजींचा कळवळा खोटा नव्हता. ज्या काळात अशा बायकांबद्दल चारचौघांत बोलणं अवघड होतं त्या काळात त्यानं त्या पुस्तकात आणून बसवल्या, हे थोर काम. पण यमुनेला स्वयंपाकघरात शिरूच दिलं नाही त्यानं. ती भाजी निवडताना काय बोलते, नवऱ्यावर रुसते कशी, शेजारणीशी भांडते का, कळत नाही. गाऱ्हाणं सगळं आहे, गप्पा नाहीत.

“आणि दुसरी यमुना ठाऊक आहे का?” पोरगं दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली. “हरिभाऊ आपट्यांची यमू. ‘पण लक्षात कोण घेतो’ मधली.”

“थे मले मालूम हाये,” काकू एकदम ताठ झाल्या. “मॅट्रिकले असतानी वाचली होती. तिचं केशवपन करतेत ना जबरीनं? त्या रात्री मी जेवली नोयती.”

पाहा, म्हणजे पस्तीसेक वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या दोन यमुना, दोघी विधवा. एकीचं नावही काकूंना ठाऊक नव्हतं, आणि दुसरीसाठी त्यांनी मॅट्रिकला असताना ताट सारलं होतं. फरक एवढाच की हरिभाऊंनी यमूला स्वतःच बोलायला लावलं. माहेरचे वाडे, सासरचे टोमणे, सगळं तिच्या तोंडून. आणि ते छापलं कुठं? 1890 साली सुरू केलेल्या आपल्या साप्ताहिकात, ज्याचं नावच ‘करमणूक’. लोकांनी ते करमणूक म्हणून हाती घेतलं आणि रडत बसले.

“हेच हरिभाऊ 1912 साली आमच्या अकोल्याला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले होते,” पोरगी म्हणाली. माहेरची गोष्ट निघाली की तिचा आवाज एक पट्टी वर जातो.

“अमरावतीले नाई झालं का संमेलन?”

“झालं ना, 1989 ला. शांताराम अध्यक्ष होते.”

“हां, मंग बरोबरी झाली,” काकू म्हणाल्या आणि आणखी मूठभर सोले डब्यात पडले. अकोला आणि अमरावतीचा हा हिशोब संपणारा नाही. तूर कोणाची चांगली इथपासून कृषी विद्यापीठ कोणाकडे गेलं इथपर्यंत तो चालतो.

मी मध्ये नाक खुपसलं. म्हटलं, पोरी, इतकं लांब कशाला जातेस, आपल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ घे. 1960 सालची. कौतिक तोंड उघडते आणि वऱ्हाडी ऐकू येते, आपल्या गल्लीतली. ती म्हणाली, ताई, वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहून ठेवलंय, कौतिकसारखं बोलायचं. पण आई, म्हणजे सिस्टर, म्हणतात, पवित्र शास्त्राची भाषा ती, तिच्याजवळ ‘काहून’ आणि ‘कायले’ शोभत नाही.

“काहून नाई शोभत?” काकूंनी विचारलं.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडली ती तिची लक्ष्मीबाई. तिच्याबद्दल ही पोरगी अशी बोलते जणू बाई बडनेऱ्याला राहते आणि रविवारी चर्चमध्ये भेटते. लक्ष्मीबाई टिळक. माहेरची मनकर्णिका गोखले, नाशिककडची. वडील इतके सोवळे की बाहेरून आलेलं वाणसामान धुतल्याशिवाय घरात येत नसे. बाराएक वर्षांची असताना लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. कवी माणूस. घरात टिकेना, नोकरीत टिकेना. आज इथं, उद्या तिथं. नागपूरला राहिला, राजनांदगावला गेला. 1893 साली त्या राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एक गोरा साहेब भेटला. कवितेवर गप्पा झाल्या. साहेबानं जाताना नव्या कराराचं पुस्तक दिलं आणि म्हणाला, दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील.

“अन् झाला?”

“1895 च्या फेब्रुवारीत. मुंबईला. बायकोला न सांगता.”

“बायकोले न सांगता!” काकूंचा आवाज रस्त्यावर गेला. भाजीवाला थांबला. त्याला वाटलं आपल्यालाच. “आमच्या घरी सोफा न सांगता आनला होता तं मी आठ दिवस बोलली नाई.”

“ही पाच वर्षं वेगळी राहिली. लेकराला घेऊन.”

“मंग?”

“मग परत गेली. आणि 1900 साली तिनंही बाप्तिस्मा घेतला. पण नवऱ्यानं घेतला म्हणून नाही हं. तिचं तिला पटलं तेव्हा.”

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. “पाच वर्स म्हंजे लय झाले,” एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, “अन् हे सगळं तिनं लिवलं?”

‘स्मृतिचित्रे’ चार भागांत आली, 1934 ते 36. कधी शाळेत न गेलेली बाई. नवऱ्यानं जमेल तसं, लहर लागेल तसं शिकवलेलं. दत्तू, म्हणजे तिचा मुलगा, पाठीस लागला म्हणून लिहिलं. आणि त्या पुस्तकात देवाधर्माची एवढी मोठी उलथापालथ असूनही वाचणारा आठवतो काय? टिळकांचा तऱ्हेवाईकपणा, दारी आलेले पाहुणे, घरात येऊन राहिलेला बालकवी ठोंबरे, मनातली शिवाशीव सुटताना झालेली फजिती. बाई स्वतःला हसते, नवऱ्याला हसते, आणि कुणाला काही पटवून द्यायला जात नाही. ब्राह्मण घरांत ते पुस्तक गेलं, ख्रिस्ती घरांत गेलं, ज्यांना दोन्हींशी काही देणं नाही त्यांच्याही घरांत गेलं. माझं स्वच्छ मत आहे, ती बाई प्रवचन करायला बसली असती तर आज तिचं नाव काढायला अभ्यासकच उरले असते. आणि करता येत नव्हतं असंही नाही. टिळक 1919 ला गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य अर्धवट राहिलं होतं, त्यातले साठाहून जास्त अध्याय तिनं पुरे केले. ते किती जणांनी वाचलंय ते मला विचारू नका.

“दूरदर्शनवर आलं होतं ना थे?” काकूंना आठवलं. “सुहास जोशी होती त्यात.”

“विजया मेहतांनी केलं होतं. पुस्तक अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयातून बाबांनी आणलं होतं. तेव्हा घरात कोण आधी वाचणार यावरून भांडण. शेवटी आजोबांनी निकाल दिला, रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचायचं. कंदील घेऊन नाही हो, लाइट होती आमच्याकडे,” ती घाईनं म्हणाली. “पण गेली की मेणबत्ती.”

त्या घरात करमणुकीला तोटा नव्हता असं दिसतं. संध्याकाळी वचनांच्या भेंड्या चालायच्या. ज्या अक्षरावर एकाचं वचन संपलं त्या अक्षरावर दुसऱ्यानं म्हणायचं. ‘ण’ आलं की आजोबा म्हणायचे, प्रार्थना करू या. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली टिळकांची गीतं पेटीवर, आणि पेटी गेली दुरुस्तीला की ताटावर. सिनेमाचं तर विचारूच नका. ‘दया सागर’ हा येशूवरचा पिच्चर खेडोपाडी पडदा बांधून दाखवायचे, तो काकूंनीही पाहिलेला निघाला. माहेरी, दर्यापूरकडे. मूळ तेलुगू, 1978 चा. काकूंना येशूपेक्षा त्याची आई जास्त लक्षात राहिली. “थ्या मायची कीव ये,” म्हणाल्या.

“आणि काकू, ‘बेन-हर’! अमेरिकेतल्या एका फौजी जनरलनं लिहिलेली कादंबरी, ल्यू वॉलेस. 1880 ची. येशूच्या काळातली गोष्ट, पण मधोमध रथांची शर्यत. त्या शर्यतीसाठी लोक तीन-साडेतीन तासांचा सिनेमा बघतात. 1959 च्या सिनेमाला अकरा ऑस्कर मिळाले.”

“म्हंजे शंकरपटच की वो!”

“शंकरपटच. फक्त बैलांच्या जागी घोडे.”

“मंग तुह्या कादंबरीत शंकरपट टाक,” काकूंनी सल्ला दिला. “लोकं वाचतीन.”

ती हसली नाही. वही मागवावी तशी मान वळवून घराकडे बघितलं. टाकणार ती, मला दिसलं.

पण तिचं खरं प्रेम नाताळच्या नाटिकेवर. अकोल्याला लहानपणापासून काम केलेलं, आता इथंही तीच बसवते. मेंढपाळ सगळे वऱ्हाडी बोलतात. ‘अबे, थो उजेड कायचा रे?’ असं पहिला मेंढपाळ म्हणतो आणि पाळकसाहेबांसकट सगळे हसतात. देवदूत मात्र पुस्तकी मराठी बोलतो, कारण तो वरून आलेला. गव्हाणीत खरंखुरं कुटार, आणि एका वर्षी खरंखुरं बकरीचं पिल्लू, त्यानं ते कुटार प्रयोगाच्या मध्यात खाल्लं. टाळ्या सगळ्यात जास्त हेरोद राजाला पडतात, हे तिला खटकत नाही. “दुष्ट माणूस चांगला जमला पाहिजे ताई,” ती म्हणते, “नाहीतर बाकीच्यांचं चांगुलपण कुणाला दिसणार?” हे वाक्य तिनं कुठं वाचलं की स्वतःचं, विचारायचं राहिलं.

इतक्यात सिस्टर आल्या. “सलाम, सलाम,” म्हणत, पदर सावरत. “सोले आणायला गेली ते गेलीच. कुकर लावायचा की नाही?”

“हे ऐका सिस्टर,” काकू म्हणाल्या, “सून तं लय मोठी लेखिका व्हाची हाये तुमची.”

“होऊ दे ना. मी काय नाही म्हणते? फादर दिब्रिटो नाही का झाले उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष, 2020 ला? टीव्हीवर पाहिलं तेव्हा मी घरात गोड केलं होतं. वसईचे असले म्हणून काय झालं, अन् कॅथलिक असले म्हणून काय झालं. आपलाच माणूस.” मग त्यांचा सूर बदलला. “पण मी हिला विचारते, एवढ्या कागदांत प्रार्थना कुठं आहे? साक्ष कुठं आहे? पणजीनं दुष्काळात काय सोसलं आणि प्रभूनं कसं सांभाळलं, हे सांगायचं सोडून ही चहा बिनदुधाचा होता म्हणून लिहिते.”

“प्रार्थना आहे ना आई. चौथ्या प्रकरणात आजी डोळे मिटून प्रार्थना करते.”

“हो, आणि पुढं काय होतं ते सांग.”

“कुकरची शिट्टी होते,” पोरगी खाली बघत म्हणाली. “आजी एक डोळा उघडून शिट्ट्या मोजते.”

“शिट्टी काढ,” सिस्टर म्हणाल्या.

“नका काढू,” मी म्हटलं. मला राहवलं नाही. ती शिट्टी काढली की आजी भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसेल. काकूंनीही माझी री ओढली, “मी बी आरतीत एक डोळा दुधावर ठेवतो वो सिस्टर. देवाले काय मालूम नाई का?”

सिस्टरना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात घातलं. शिट्टीचा निकाल तात्पुरता लांबणीवर पडला. खरी अडचण पुढची होती, आणि ती त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. तिसऱ्या प्रकरणात एक आत्या आहे. ती भावाकडे आली की जाताना लोणच्याची बरणी पिशवीत घालून नेते, आणि वर म्हणते, तुमचं लोणचं खारट असतं.

काकूंचे डोळे लकाकले. सिस्टरची नणंद राजापेठेत राहते आणि ते लोणचं आम्ही सगळ्यांनी खाल्लेलं आहे.

“नाव बदललंय मी आई,” पोरगी म्हणाली.

“नाव बदललं, बरणी तर तीच आहे ना? चिनी मातीची, झाकणाला दोरी बांधलेली. ती वाचणार नाही का? नाताळला येणार आहे, तिच्यासमोर मी करंज्या कोणत्या तोंडानं ठेवू?”

“मग बरणी काचेची करते.”

“गाव बदल.”

पोरीनं विचार केला. पोरगं तिच्या खांद्यावर झोपलं होतं. “बरं,” ती म्हणाली, “आत्याला अमरावतीहून यवतमाळला पाठवते.”

“यवतमाळले कायले?” काकूंनी डबा गच्च भरून झाकण लावलं. “थ्या बुढीची धाकटी बहीण यवतमाळलेच रायते. मंग दोघी बी येतीन भांडाले.”